पस्तीस किलो

"वहिनी, तुमच्या तेजूचं वजन किती हो?"

चिक्कडपल्लीच्या बाजारात, गवारीच्या ढिगात हात घालून कोवळ्या शेंगा निवडता निवडता इंदुताईंनी हे विचारलं. कांद्याचा भाव विचारावा, तसं. त्रिवेणी नारायणगुड्याच्या विमा ऑफिसातून सुटून परस्पर भाजीला आली होती. हातात दुधी होता, तो ती नखाने टोचून बघत होती, कारण सगळ्या भाज्यांत तो एक दुधीच पोरीला सोसायचा. भाजीवाल्या अम्माने मान वर करून पाहिलं. शेजारी मेथी घेणारी एक बाई उगाच थांबली. "पस्तीस," त्रिवेणी म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही. तेजूचं वजन सत्तावीस होतं. चौदावं लागलेल्या पोरीचं सत्तावीस. "पस्तीस का? बरं झालं बाई भेटलात," इंदुताई म्हणाल्या, "मुकुंदरावांना आजच कळवायचं होतं, संक्रांतीच्या तुळेला डबे किती आणायचे ते." तुळा. कसली तुळा? त्रिवेणीने मान हलवली, जणू सगळं तिच्याच सांगण्यावरून चाललंय. आपल्या पोटच्या पोरीची तुळा होणार आहे हे आपल्याला गवारीच्या ढिगाशी कळतंय, एवढं तरी या बाईला कळायला नको. तिने दुधी होता तिथे ठेवला आणि न घेताच चालायला लागली.

अंबरपेठेच्या ऑटोत बसल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. वजन विचारतात. बकऱ्याचं विचारतात, गॅसच्या सिलिंडरचं विचारतात, माणसाच्या पोरीचं कोण विचारतं? आणि आपण काय केलं, तर पस्तीस सांगितलं. इंदुताई म्हणजे मंडळाचा चालताबोलता लाउडस्पीकर. गोदातीर मंडळात बिदर, उदगीर, देगलूरकडून कधीकाळी हैदराबादेत आलेली सगळी घरं, कुणी नोकरीत, कुणी गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानात. एकाच्या घरात दूध उतू गेलं तर दुसऱ्याच्या घरी वास येतो. तिथे आज रात्रीपर्यंत पस्तीस झालेलं असणार. ऑटोवाला आरशातून बघत होता, कारण ती मोठ्यानं बोलत होती बहुतेक. हे हल्ली व्हायचं. वजन हा शब्द आला की दवाखान्याचा तो काटा समोर यायचा, पांढऱ्या पत्र्याचा, त्यावर शेकडो लेकरांच्या पावलांनी झालेला काळा डाग. नर्स आकडा सांगायची नाही, पुकारायची, तेलुगूत, पार दाराशी बसलेल्या मुलीला लिहायला ऐकू जावा म्हणून, आणि बाकावरच्या सगळ्या आया मान वळवून बघायच्या की हा आकडा कुणाचा. आपल्यापेक्षा कमी असला की त्यांना बरं वाटायचं. त्रिवेणीलाही वाटायचं. खोटं कशाला बोला, तिलाही वाटायचं. एकदा तेजूने काट्यावर चढण्याआधी बाटलीभर पाणी गटागटा पिऊन टाकलं होतं, आणि जीन्सच्या खिशात फोन तसाच ठेवला होता. त्रिवेणीला तो खिसा फुगलेला दिसला. तिने काढ म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं वाढलंय हं, गुड, आणि मायलेकी एकमेकींकडे न बघता बाहेर आल्या होत्या.

तिसरीत असताना सुरू झालं हे. आधी नुसतं पोट दुखायचं, मग शाळेतून फोन यायला लागले, मग एक दिवस पोरगी संडासातून बाहेर आली ती भिंतीला धरून, आणि त्रिवेणीने आत जाऊन पाहिलं तर भांड्यात रक्त. तेव्हापासून शहाण्यांची रीघ लागली ती लागलीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. जंत असतील. पाणी बदला. मॅगी बंद करा. नोकरीवाल्या आईची लेकरं अशीच, डब्यात काय देता हो तुम्ही? सासूबाईंनी, कुसुमताईंनी, दर शनिवारी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत, म्हणजे गॅसवर, टाकायचा सपाटा लावला, सगळं घर खोकायचं. नजर लागली माझ्या पोट्टीला, म्हणायच्या, आणि त्रिवेणी दात आवळून खिडक्या उघडायची. शेवटी नळ्या घालून, तुकडा काढून, तपासून मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रोन्स, आणि कागदावर आतड्याचं चित्र काढून त्यावर लाल पेनने ठिकठिकाणी फुल्या मारल्या. बरा होत नाही, सांभाळायचा असतो, म्हणाले. किती दिवस, तिने विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा राग तिला अजून येतो. माणसानं निदान टोपण तरी सावकाश लावावं.

आणि मग लपवणं आलं. कुणी सांगितलं नव्हतं लपवा म्हणून, आपसूक आलं. एखाद्याच्या छातीत दुखलं तर पंगतीत बसून सांगता येतं, शुगर असली तर माणसं मिरवतात, माझी साडेतीनशे होती म्हणून. पण पोरीला दिवसातून आठदा जावं लागतं आणि कधीकधी पोचेपर्यंत धीर निघत नाही, हे कुठल्या पंगतीत सांगायचं? उद्या तिचं लग्न करायचंय, शिवराज, त्रिवेणीचा नवरा, म्हणाला होता, पोरीच्या दहाव्या वर्षी. तेव्हा पोटानं नाजूक आहे, एवढंच बाहेर सांगायचं ठरलं. त्रिवेणी कुठल्याही फंक्शन हॉलमध्ये गेली की आधी संडास शोधायची, कडी लागते का बघायची, पाणी आहे का बघायची, मग नवरानवरीकडे जायची. किती लग्नांत तिने जेवणाच्या ताटापेक्षा ते दार जास्त बघितलं असेल. स्टिरॉइडनं पोरीचा चेहरा पुरीसारखा फुगला तेव्हा हीच माणसं म्हणाली, बघा, आता कशी भरली! आणि गोळ्या थांबवल्यावर गाल बसले तेव्हा म्हणाली, खायला घालत नाही का हो? यांच्या तोंडाला कुणी लागावं. तिने आकडे वाढवून सांगायला सुरुवात केली ती तेव्हा. दोन किलो, तीन किलो. आज आठ झाले. खोट्याचंही वजन वाढतंच, पोरीचं तेवढं वाढत नाही.

घरी शिवराज चहा घेत होता. तिने पिशवी ओट्यावर आपटली आणि विचारलं, तुळेचं मला कोण सांगणार होतं? त्याने आधी चहाकडे पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तेजू मुकुंदरावांकडे स्वतः गेली होती, बापाला घेऊन, मलकपेठेच्या गंजातल्या त्यांच्या दुकानात. दवाखान्यातल्या लेकरांसाठी पावडरीचे डबे जमवायचे आहेत, मंडळ मदत करील का, असं विचारायला. मुकुंदराव मंडळाचे अध्यक्ष, तांदळाचे आडते, माणूस वाईट नाही, पण काहीही करायचं म्हटलं की त्यांना त्यात आधी स्टेज दिसतो. दुकानात आजोबांचा जुना लाकडी काटा आहे, साखळदंडाचा, दोन पोती सहज पेलणारा, दसऱ्याला पूजेपुरता बाहेर निघतो. त्याकडे बघून त्यांना सुचलं, पोरीची तुळा करू. आपल्याकडे नवसाला लेकराची गुळानं तुळा करतात, इथले लोकही जत्रेत गुळानंच करतात, संक्रांत आहे, गूळही शोभेल. तर तेजू म्हणाली, गूळ नको अंकल, ती पोरं गूळ खाऊ शकत नाहीत, डब्यांनी करा. मुकुंदरावांना ते फारच आवडलं. पोरीचं केवढं कौतुक केलं त्यांनी, शिवराज म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की त्रिवेणीला तो पुसून टाकावासा वाटला. "तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं नसतंस," तो म्हणाला. खरंच होतं ते. खऱ्या गोष्टीनं माणूस जास्त चिडतं.

ती पावडर म्हणजे काय, हे त्या घराला सांगायला नको होतं. आतड्याची सूज उतरावी म्हणून सबंध दोन महिने तेजू नुसती तीच प्यायली होती, सकाळ-संध्याकाळ, पाण्यात कालवून, दुसरा घास नाही. नाकाजवळ नेली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. घरात फोडणीचा आवाज होऊ नये म्हणून ते तिघं दार लावून, काहीतरी थंड, चोरासारखं जेवायचे, आणि पोरगी बाहेरच्या खोलीत ग्लास हातात धरून टीव्हीचा आवाज मोठा करायची. त्याच वेळी सरकारी दवाखान्यात रोशनी भेटली. शेजारच्या खाटेवर, तेजूपेक्षा लहान, तोच आजार, आईबाप नांदेडकडून कामाला इथे आलेले. तिची आई दोन चमच्यांच्या जागी एक चमचा घालायची आणि वर पाणी भरायची. डबा पुरवायला. त्रिवेणीने ते पाहिलं होतं, आणि न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण काय बोलणार? आपल्या कपाटात डब्यांची रांग लागलेली. तेजूनंही पाहिलं होतं. पुढच्या खेपेला रोशनी काट्यावर चढली आणि नर्सने पुकारलेला आकडा आधीपेक्षा खाली आला होता, आणि डॉक्टर त्या आईला रागावले, सांगितलं तसं देत नाही का म्हणून. ती बाई नुसती हो हो म्हणत राहिली. घरी येताना ऑटोत तेजू तोंड फिरवून बाहेर बघत बसली. त्रिवेणीला वाटलं होतं, पोट दुखत असेल.

त्या संध्याकाळी ती पोरीच्या खोलीत गेली ती भांडायलाच. तेजू गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर बसली होती, फोनवर काहीतरी बघत. त्रिवेणीने सांगितलं, हे होणार नाही. चार लोकांत बसून तुला तोलणार, कांदे-बटाटे तोलावेत तसं, आणि बायका खाली बसून बघणार पारडं कुठं उचलतंय. तुला लाज नाही वाटत? हा शेवटचा प्रश्न तोंडातून गेला आणि तिला स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली. तेजूने फोन उपडा ठेवला.

"मम्मी, वजन तर माझं दर महिन्याला करतात," ती म्हणाली. "तेव्हा कुणालाच काही मिळत नाही."

मग तिने फोन पुन्हा हातात घेतला. संपलं. त्रिवेणी दारात उभी राहिली, एवढा राग घेऊन आलेली, आणि त्याला ठेवायला जागाच उरली नाही. राग पाहुण्यासारखा नसतो, आला तसा जात नाही. तो तिच्याबरोबर स्वयंपाकघरात आला, भांडी घासताना हातात आला, सासूबाईंनी मीठ-मोहरी कुठं ठेवली विचारल्यावर जिभेवर आला. कुणावर राग? इंदुताईंवर? शिवराजवर? त्या टोपण लावणाऱ्या डॉक्टरवर? देवावर तर केव्हाचा होता, पण देव काही गवार निवडत समोर येत नाही. आणि या सगळ्यांच्या खाली, तळाशी, घट्ट बसलेला तो आकडा. फोन करून सांगायचं, इंदुताई, चुकून पस्तीस सांगितलं हो, सत्तावीस आहे. एवढं एक वाक्य. तिने दोनदा फोन हातात घेतला. पण ते वाक्य सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, सत्तावीसच? का बरं? आणि त्या का बरंला उत्तर द्यायचं तर सगळं आतडं उलगडून दाखवावं लागणार. तिने फोन ठेवला आणि दुसराच उद्योग सुरू केला. पोरीला खायला घालायचा.

शहाण्या बाईनं करू नये ते केलं तिने. तुपातला शिरा केला. पेज दाट केली, त्यात लोणी. केळं, अंडं, पुन्हा केळं. तेजू आधी खुशीनं खायची, मग नुसती खायची, मग आईच्या तोंडाकडे बघत खायची. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. रात्रभर संडासाचा दिवा लागत होता, विझत होता, आणि त्रिवेणी दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती, आतून पाण्याचा आवाज ऐकत. पहाटे तेजू बाहेर आली, ओठ पांढरे, आणि आईशेजारी फरशीवर बसली. मंडळाच्या ग्रुपवर इंदुताईंनी टाकलेलं निमंत्रण तिने काल वाचलं होतं. मराठी तिला अडखळत वाचता येतं, शब्दाशब्दाला थांबून, पण आकडा काय, कुणालाही वाचता येतो. ती म्हणाली, "मम्मी, पस्तीस कोण आहे?"

 पस्तीस ही कुणी दुसरीच पोरगी होती. गुबगुबीत, दोन वेण्यांची, पाणीपुरी खाणारी, शाळेच्या सहलीला जाणारी, जाऊ का म्हणून वर्गात हात वर न करता बसू शकणारी. त्रिवेणी तिला कितीतरी वर्षं मनात वाढवत होती. तिला कपडे घेत होती, एक माप मोठे, आणि मग ते तेजूला ढगळ झाले की तेजूवर चिडत होती. हे त्या फरशीवर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, आणि असा संताप आला स्वतःचा की डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना. तेजूने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. एवढंसं डोकं, पण चांगलं जड लागलं.

संक्रांतीच्या दिवशी हॉलवर चपलांचा खच पडला होता. आभाळभर पतंग, गच्च्यांवर पोरांचा दंगा, आणि आत बायकांच्या काळ्या साड्या, तिळगूळ, हलव्याचे दागिने, माइकची शिट्टी. त्रिवेणीने आधी मागच्या बाजूला जाऊन संडास बघितला. दारापुढे जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्या तिने एकेक करून ओढून बाजूला लावल्या. वाढप करणाऱ्या पोरांना ताकीद दिली, इथे पुन्हा काही ठेवाल तर बघा. कडी लागत होती. पाणी होतं. मग ती पुढे येऊन सासूबाईंशेजारी बसली. स्टेजवर तो काटा टांगला होता, लोखंडी तिवईला, पारड्यांना झेंडूच्या माळा. एका बाजूला खोकी रचलेली, पावडरीच्या डब्यांची, चांगली ऐसपैस, पस्तीस किलोला पुरून वर उरतील अशी. मुकुंदराव फेटा बांधून उभे. त्यांनी भाषण केलं. धैर्य, सेवा, आदर्श बालिका, आपल्या समाजाचं भूषण. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, एका दुर्धर व्याधीशी झुंजणारी असं म्हणाले, आणि बायकांनी च् च् केलं. त्रिवेणीला वाटलं, उठावं आणि तो माइक त्या फेट्यात खुपसावा.

तेजू पारड्यात बसली. निळं परकर-पोलकं, मांडी घालून, साखळी दोन्ही हातांनी धरून. तिने आईकडे बघून थोडं हसल्यासारखं केलं. इकडे डबे चढायला लागले. देणगी दिलेल्या घरांनी एकेक डबा ठेवायचा, फोटो काढायचा, खाली उतरायचं. आधी सगळं हसतखेळत चाललं. मग पारडं हललं. अजून खोक्यांचा ढीग तसाच दिसत होता, आणि तेजूचं पारडं जमिनीवरून सुटलं, वर आलं, अलगद, त्यात कुणी बसलेलंच नसावं तसं. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्यातच विरल्या. मुकुंदरावांनी डबे मोजले, मनात गुणाकार केला, पुन्हा मोजले. आडतीचा माणूस, वजनात चुकणार नाही. "सत्तावीस," त्यांनी माइकमध्येच सांगितलं, सवयीनं. पुढच्या रांगेतून इंदुताईंचा आवाज आला, पस्तीस म्हणाल्या होत्या ना वहिनी? आणि मग तो हॉलभर पसरणारा आवाज, ज्यात शब्द कळत नाहीत पण सगळं कळतं. किती बारीक. आईनं लक्ष. नोकरी. दवाखान्यातल्या बाकावरच्या आया जशा मान वळवायच्या, तशी सगळी काळ्या साड्यांची रांग त्रिवेणीकडे वळली.

मुकुंदराव हिशोबी गृहस्थ. त्यांनी दोन पोरांना खूण केली, उरलेली खोकी खाली टेम्पोत ठेवा, वितरक परत घेईल, रक्कम मंडळाच्या निधीत जमा करू. चुकीचं काही नव्हतं त्यांच्या मते. तुळा म्हणजे तुळा. पोरांनी खोकी उचलली. तेजू पारड्यातून बघत होती. "अंकल, ते कुठं नेतायत?" तिने विचारलं. ते म्हणाले, बेटा, वजनाइतकंच दान असतं, नियम आहे तो. तेजूने पुन्हा एकदा जाणाऱ्या खोक्यांकडे पाहिलं आणि मग आपल्या हातांकडे पाहिलं, मनगटाकडे, जिथून बांगडी कोपरापर्यंत सरकायची. त्या क्षणी ती काय समजली ते त्रिवेणीला आरपार दिसलं. मी अजून थोडी जाड असते तर. एवढंच. आपल्या आजाराचा तिला आजवर त्रास झाला होता, कंटाळा आला होता, लाज वाटली होती, पण त्याने दुसऱ्याच्या तोंडचं जातंय, हे तिला पहिल्यांदा वाटलं. इथे. आपण लावलेल्या आकड्यामुळे, यांच्या नियमामुळे.

त्रिवेणी उठली. तिला पुढे आठवत नव्हतं की पायऱ्या कशा चढली. चप्पल बाहेर होतीच. तिने तेजूच्या बाजूची साखळी धरली, साडी आवरली आणि पारड्यात पोरीशेजारी बसली. पारडं धाडकन जमिनीला टेकलं, समोरचे डबे खडखडले, दोन घरंगळून खाली गेले.

"चढवा आता," ती म्हणाली.

मुकुंदराव हसले आधी, त्यांना वाटलं कौतुकाचा प्रकार आहे. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. वहिनी, असं कसं, तुळा लेकराची आहे, ते म्हणायला लागले. माइक अजून त्यांच्या हातातच होता, आणि त्रिवेणी त्याच्याजवळ होती, म्हणून पुढचं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. ती म्हणाली, सत्तावीस माझ्या पोरीचं आहे, खरं आहे ते, पस्तीस मी खोटं सांगितलं होतं, लोकांच्या तोंडाला भिऊन. आजाराचं नाव क्रोन्स आहे, आतड्याचा आहे, माझ्या खायला घालण्याचा नाही. आणि खोट्याचं वजन माझ्यावर घाला, पोरीवर नको. आवाज चढला नव्हता तिचा. रागावलेली माणसं ओरडतात ती अर्धीच रागावलेली असतात. खोकी उचललेली पोरं दारात तशीच थांबली, आत यावं का बाहेर जावं ते कळेना. आणि तेवढ्यात सासूबाई उठल्या. कुसुमताई, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश, सगळ्यांना वाट करून द्यायला लावत. खोक्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पोरांना म्हणाल्या, ठेवा ते. काट्यापुढं आणलेलं माघारी न्यायचं नसतं, लेकराच्या आयुष्याला बाधतं. माझ्या माहेरी एकानं गूळ माघारी नेला होता, त्याचं काय झालं ते विचारू नका. असं म्हणून त्या मुकुंदरावांकडे बघत उभ्या राहिल्या. मुकुंदरावांनी फेटा सारखा केला. नियमाला नियम भेटला होता, आणि हा जुना होता. मीठ-मोहरी, ओवाळणी, नजर, या सगळ्यावर इतकी वर्षं दात खाल्ले होते त्रिवेणीने, आणि आज तेच अंधारलेलं काहीतरी तिच्या पोरीच्या बाजूनं उभं राहिलं होतं. तिला सासूबाईंचा रागही येईना धड.

खोकी परत आली. शिवराज स्वतः उठून चढवायला लागला, मान खाली घालून. सगळे डबे गेले पारड्यात, वरचे, खालचे, घरंगळलेले. काटा हलला नाही. मायलेकींचं पारडं जमिनीवर बसलं ते बसलंच. पुढच्या रांगेत इंदुताई पदराशी चाळा करत होत्या. आता काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण अशी तुळा कुणी केलेली नव्हती. तेवढ्यात तेजूने आईच्या दंडाला चिमटा घेतला. तो चिमटा त्रिवेणी झोपेतही ओळखेल. सिनेमात, लग्नात, शाळेच्या गॅदरिंगला, तोच. आधी नेहमी ती मनात मोजायला लागायची. दार कुठंय, किती लांब, मध्ये किती माणसं.

"मम्मी, मला जायचंय."

"जा."

"आणि तुळा?"

"मी बसलेय ना. तू सावकाश ये."

तेजूने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग ती पारड्यातून उतरली, परकर सावरला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने निघाली. पळाली नाही. बायकांनी पाय आत घेतले. मागचं दार वाजलं, कडी लागल्याचा आवाज आला. त्रिवेणी पारड्यात एकटी बसून होती, झेंडूच्या माळेत, सगळ्यांच्या समोर, आणि तिला आपलं सगळं वजन कळत होतं, मांड्यांचं, कमरेचं, दोन्ही खांद्यांचं. मुकुंदराव जवळ आले, माइक बाजूला धरून हळू आवाजात म्हणाले, वहिनी, झालं आता, सगळे डबे दवाखान्यात पोचवतो, माझा शब्द, उतरा तुम्ही.

"लेकरू संडासला गेलंय," त्रिवेणी म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "ते आलं की उतरते."

मग ती साखळी धरून मागच्या दाराकडे बघत राहिली. काटा जागचा हलला नाही.